हात बरोबर नाही, साहेब

१. गिऱ्हाईक रिपोर्ट मागून वाचतं, बोटं आधी फिरवतं. इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये फिनिशिंग सांभाळताना हे रोज दिसतं. जंतू किती कमी झाले, याचा आकडा प्रयोगशाळेत चोवीस तास थांबल्यावर मिळतो. कापड कडक झालंय हे मात्र दोन सेकंदांत कळतं. मी जंतुरोधक रसायनाची महती सांगत असतो आणि व्यापारी तोवर कापड चुरगाळून 'हात बरोबर नाही, साहेब' म्हणून मोकळा. 'हात' म्हणजे आमच्या भाषेत कापडाचा स्पर्श. पूर्वी राग यायचा. आता लग्नात भेटलेल्या पाहुण्यांची बाही मीच चिमटीत धरून बघतो, आणि बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहते.

२. खोट बहुतेक वेळा औषधात नसते, त्याला धरून ठेवणाऱ्यात असते. जंतू मारायला वापरतात ते चांदीचे सूक्ष्म कण केवढे! त्यांनी कापड कशाला कडक होतंय? पण ते धुण्यात निघून जाऊ नयेत म्हणून सोबत बाइंडर घालतात. स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रावर, दीडशे अंशांच्या आसपास तो पक्का झाला की तंतू तंतूला चिकटतो. कापडाचा लुसलुशीतपणा म्हणजे शेवटी तंतूंना एकमेकांवरून सरकायला मिळणारी मोकळीक, तीच जाते. म्हणून रेसिपी हातात आली की माझी नजर आधी बाइंडरच्या आकड्यावर जाते.

३. नैसर्गिक म्हणजे मऊ, असं काही नाही. कायटोसान हे जंतुरोधक येतं कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, ॲसेटिक ॲसिड लागतं, त्यामुळे कापड रसायनात बुडवून पिळणाऱ्या पॅडिंग मँगलजवळ गेलं की व्हिनेगरचा भपकारा येतो. सुकल्यावर तंतूंवर त्याचा पापुद्रा धरतो आणि पॉपलिन खळ दिल्यासारखं ताठ होतं. लहान रेणूंचं कायटोसान घेतलं तर हात बराच सुधारतो. ते टिकावं म्हणून सायट्रिक ॲसिडनं बांधायला जावं, तर जास्त तापमानात पांढऱ्या कापडावर पिवळट झाक चढते, ताकदही थोडी उतरते. गंमत म्हणजे हाच ताठपणा शर्टाच्या कॉलरला चालतो, बाळाच्या झबल्याला अजिबात नाही.

४. मऊपणाचंही बिल येतंच. क्वाटर्नरी अमोनियम जातीची काही जंतुरोधकं रचनेनं सॉफ्टनरची सख्खी भावंडं आहेत: एका टोकाला धन विद्युतभार, मागे अठरा कार्बनची लांब शेपटी. पाण्यात सुताला किंचित ऋण भार असतो, त्यामुळे ती पटकन चिकटतात आणि कापड छान गुळगुळीत लागतं. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी हरखलो होतो. मग कुणीतरी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब आपला वरच बसून राहिला! त्या शेपट्यांना पाणी आवडत नाही. सोलापुरी टॉवेलवर असं फिनिश भरपूर दिलं, तर गालाला मखमली लागेल, पण अंग कोरडं करायला दुसरा टॉवेल शोधावा लागेल.

५. स्टेंटरवरून उतरलेल्या गरम कापडाला नावं ठेवू नयेत. हवेतला ओलावा घेतला की सूत आपोआप नरमतं. पावसाळ्यात तर सगळंच मऊ वाटतं. म्हणूनच चाचणीआधी नमुना ६५ टक्के आर्द्रतेत आणि २७ अंशांत ठेवतात.

६. यंत्रानं मोजलेलं सगळंच बोटांना पटत नाही. ताठपणा मोजणाऱ्या शर्ली टेस्टरवर कापडाची पट्टी पुढे सरकवायची, ती स्वतःच्या वजनानं वाकून ४१.५ अंशांच्या रेषेला टेकली की लांबी वाचायची. दोन नमुन्यांचा आकडा सारखा आला, तरी आमचा स्टेंटरवरचा जुना ऑपरेटर म्हणणार, 'हे वरून कोरडं लागतंय.' बरोबरच आहे, ही चाचणी वाकणं मोजते, पृष्ठभागाचं घर्षण नाही. जपानच्या कावाबातांनी १९७०च्या दशकात वाकणं, दाबणं, ताणणं, घासणं असं सगळं मोजणारी यंत्रं बसवली, तीसुद्धा मुरलेल्या जाणकारांच्या हातांना काय वाटतं ते आधी विचारून. आमच्या ऑपरेटरला हे सांगितलं. तो म्हणाला, 'मग यंत्र कशाला केलं?' आणि पुढच्या ताग्याकडे वळला.