पदवीनंतर वैद्यकाचे शिक्षण : प्रवेशाची तयारी



कंपूच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यास जयारोग्य रुग्णालयाची आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची ओळख करून द्यावयास नको. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या दलास मराठीत 'कंपू' म्हणत. ती फौज गेली, नाव राहिले, आणि आता त्या नावाबरोबर ग्वाल्हेरच्या माणसास प्रथम दवाखानाच आठवतो. महाविद्यालय १९४६ साली स्थापन झाले. त्याच्या फाटकाकडे पाहत जाणाऱ्यांत शाळेतील मुले असतात, तशी शाळा सोडून गेलेलीही असतात. त्यांतील कोणी बी. एस्‌सी. होऊन नोकरी शोधीत असतो, कोणी बी. ए. होऊन शिकवण्या घेत असते. बारावीला हुकलेली संधी मनात सलत असते, किंवा घरातील एखाद्या दीर्घ दुखण्याने जुनी इच्छा पुन्हा जागी झालेली असते. अशी मुले शाळेत भेटावयास आली म्हणजे विचारतात, "पदवी तर झाली, आता डॉक्टर होता येईल काय?" माझी स्वतःची पदवी कला शाखेची असल्यामुळे या प्रश्नातील संकोच मला चांगलाच कळतो.

या बाबतीत घरोघरी दोन समज आढळतात आणि दोन्ही खरे नाहीत. एक समज असा, की वय वाढले, आता दार बंद झाले. दुसरा असा, की पदवी हाती असल्यामुळे प्रवेशात काही सवलत मिळेल. वस्तुस्थिती अशी आहे, की दार उघडे आहे, पण ते सर्वांसाठी एकच आहे. एम. बी. बी. एस.ला प्रवेश देणारी 'नीट' ही परीक्षा सतरा वर्षांच्या मुलालाही तीच आणि तीस वर्षांच्या पदवीधरालाही तीच. कमाल वयाची अट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. त्यापूर्वीच, २०२० साली, ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वयाच्या ६४ व्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले होते. पदवीचे गुण मात्र गुणवत्ता यादीत कोठेही धरले जात नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट पात्रतेची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गास ५० टक्के आणि राखीव वर्गांस ४० टक्के गुण लागतात. ज्याने बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडले, त्याचा मार्ग पूर्वी जवळजवळ खुंटलेला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने नियम सैल केला. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून हा विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केला, तरी आता चालते. कला शाखेच्या पदवीधरास तिन्ही विषय नव्याने करावे लागतील, हे त्याने आधीच ओळखावे. ते अशक्य नाही, परंतु एक दोन महिन्यांचे कामही नव्हे. ज्या वर्षी अर्ज करावयाचा, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याने सांगितलेला नियम बहुधा मागच्या वर्षीचा असतो.

परीक्षेचे स्वरूप २०२५ मध्ये असे होते : १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्यास एक वजा. यांत भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. बी. एस्‌सी. झालेली मुले येथे एका विचित्र अडचणीत सापडतात. त्यांना अधिक येत असते, आणि ते अधिक येणेच त्यांना नडते. महाविद्यालयात त्यांनी मोठे ग्रंथ वाचलेले असतात, प्रश्न मात्र अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांतून निघतात. ज्या पुस्तकांकडे ती 'ही तर आपली झाली' म्हणून पाहतात, त्यांतीलच आकृतीखालची एक ओळ किंवा तक्त्यातील एक नाव विचारले जाते. पदवीधराने अभिमान बाजूस ठेवून शाळकरी पुस्तक पहिल्या पानापासून उघडावे. दुसरे असे, की मिनिटाला एक प्रश्न ही गती पाच-सहा वर्षांच्या खंडानंतर हाताला नसते. ती घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्यानेच येते, नुसत्या वाचनाने येत नाही.

भाषेविषयी येथे सांगितले पाहिजे. ही परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. (माझी कोकणी नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. ग्वाल्हेरच्या केंद्रावर बसणाऱ्या आपल्या मुलांनी हिंदी किंवा इंग्रजी धरून चालावे आणि पारिभाषिक शब्दांची सवय त्या भाषेत आधीपासून करावी. मध्य प्रदेशात २०२२ साली प्रथम वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके निघाली, तीही पाहून ठेवण्यास हरकत नाही.

दुसरी फसगत महाराष्ट्राच्या बाबतीत होते. पुण्यास काका आहेत, तेथे राहून महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा मिळेल, असे ग्वाल्हेरच्या कित्येक मराठी घरांत गृहीत धरलेले असते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात, बाकीच्या त्या त्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी तेथूनच उत्तीर्ण झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. मातृभाषा मराठी असणे हा काही अधिवास नव्हे. तेव्हा मध्य प्रदेशचा अधिवास दाखला वेळेवर काढावा आणि आशा आपल्या राज्याच्या यादीवर ठेवावी.

आता थोडे मागे वळून पाहू. दुसरे काही शिकून, काही काम करून मग वैद्यकाकडे वळणे ही आपल्याकडे आजची गोष्ट नाही. डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्यातील पेडण्याजवळच्या मांद्रे गावचे. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस त्यांच्याविषयी थोडा जास्त जिव्हाळा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि तेथेच शिक्षकही झाले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येच्या चालीवर निबंध लिहून त्यांनी पारितोषिक मिळविले. १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला आणि १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत बाहेर पडला. पुढे कुष्ठरोगावरील औषधाचा शोध आणि शिलालेखांचे वाचन ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने केली. आधी शिकलेले वाया गेले नाही, हे यावरून दिसते.

त्या काळच्या आणि आजच्या प्रवेशात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे आता उमेदवारास 'तुला डॉक्टर का व्हावयाचे आहे?' असे कोणीही विचारीत नाही. मुलाखत नाही, निवेदन नाही. गुण आणि क्रमांक यांवर सर्व ठरते. लक्षावधी मुलांची निवड करावयाची असता पक्षपात टाळण्यास हाच उपाय बरा, असे माझे मत आहे. विलायतेत पदवीधरांसाठी चार वर्षांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि तेथे प्रवेशपरीक्षेशिवाय लेखी निवेदन व मुलाखतही असते. रुग्णसेवेचे काम जवळून पाहिले आहे काय, हे तेथे खोदून विचारतात. अमेरिकेत तर आधी पदवी आणि मग वैद्यक हाच राजमार्ग आहे. (परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्याने एवढे ध्यानात धरावे : शिकून भारतात परतावयाचे असेल तर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो. चार वर्षांचे महिने ४८ होतात. फी भरण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.)

प्रश्न विचारला जात नाही म्हणून तो नसतो असे नव्हे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्यावर पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्या वेळी त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. आपली तयारी सर्व अटींत बसणार नाही, हे त्यांनी पत्रात स्वतःच मान्य केले. आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, हे सांगितले. आणि हेतू नेमका मांडला : पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना औषधोपचार मिळावा. त्यांत 'मला मानवसेवेची आवड आहे' असले मोघम वाक्य पुरेसे मानलेले नाही. कोणाची सेवा, कोणत्या अडचणीत, हे लिहिले आहे. त्यांना प्रवेश मिळाला आणि मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली.

पदवीधराने अर्ज भरण्यापूर्वी असे एक पत्र लिहावे आणि ते घरातल्यांना वाचून दाखवावे, असे मी सुचवितो. त्यात तीन गोष्टी उघड लिहाव्यात. पहिली, हे काम आपण कोठे पाहिले. जयारोग्यात भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीकडून माणसे येतात. एखाद्या नातलगाबरोबर बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठ ते दुपारपर्यंत बसून पाहिल्याने जे कळते, ते कोणत्याही क्लासात कळत नाही. खेडवळ बोलीतून सांगितलेले दुखणे समजून घेणे हेही वैद्यकच. २०१९ पासून एम. बी. बी. एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी वर्तन व संभाषण यांचा स्वतंत्र भाग घातला आहे. भाषा आणि समाज शिकलेल्या पदवीधरास प्रवेशात सवलत नसली, तरी आत गेल्यावर येथे त्याचा हात धरणारे काही त्याच्यापाशी असते.

दुसरी गोष्ट वर्षांची आणि पैशांची. एम. बी. बी. एस. म्हणजे साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता. बावीस-तेविसाव्या वर्षी सुरुवात केली, तरी हाती प्रमाणपत्र पडेपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस होतात, आणि पुढे विशेष शिक्षण असतेच. तेवढी वर्षे घर कोण चालवील, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय, हे वडीलमंडळींसमोर बोलावे. मनात ठेवल्याने ते नाहीसे होत नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची, आणि ही सर्वांत कठीण. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली. १२ लाखांहून अधिक 'पात्र' ठरली. देशातील जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा खाजगी महाविद्यालयांतील, सामान्य घरास न पेलणाऱ्या. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे आईवडिलांनाही समजावून द्यावे. किती वेळा बसावे यावर नियमाने बंधन नाही, म्हणून ते स्वतः घालावे लागते. किती प्रयत्न करावयाचे, हे पहिल्या प्रयत्नाआधी पत्रात लिहून ठेवावे. निकालाच्या दिवशी हा निर्णय शांतपणे होत नाही. मर्यादा संपली तर रुग्णालयाशी संबंध सुटतोच असे नाही. समाजकार्याचे किंवा सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण कला शाखेच्या पदवीधरासही घेता येते, आणि मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाचे काम असतेच.

राहिले कागदांचे. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे अक्षरशः तीच लिहावी. 'जोशी'चे इंग्रजी स्पेलिंग पदवीच्या कागदावर एक आणि दहावीच्या कागदावर दुसरे असेल, तर ती दुरुस्ती आधी करून घ्यावी. पात्रतेचा रकाना भरताना आपण बारावीच्या आधारे अर्ज करतो की बी. एस्‌सी.च्या, हे पाहून योग्य तो संकेतांक निवडावा. पदवीधराकडे मधल्या वर्षांचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाण्याचा संभव असतो. विद्यापीठाच्या खिडकीवर हे कागद एका दिवसात मिळत नाहीत, तेव्हा निकालाची वाट न पाहता मागणी करावी. आणि समुपदेशनाच्या वेळी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना 'हे मिळेल, ते मिळणार नाही' असा तर्क लढवू नये. जे खरोखर हवे ते वर लिहावे. वरचे न मिळाल्यास यंत्रणा आपोआप खालच्या नावाकडे येते, पण खाली लिहिलेले आधी मिळाले तर वरच्याचा विचार त्या फेरीत होत नाही.