साथीची तयारी आणि नर्सिंगची वाट

बारावीचा निकाल लागला आणि मुलीने नर्सिंगचे नाव काढले, की घरात ठरलेले उत्तर येते : "त्यापेक्षा दुसरे काहीतरी बघ." २०२० च्या कोविड साथीनंतर या नापसंतीत भीतीचीही भर पडली. पुढची साथ आली तर आपलेच लेकरू पुढे उभे राहणार, ही काळजी खोटी नाही. पण निर्णय घेण्याआधी ते नेमके काय करत उभे असेल, हे तरी पाहू.

२०२१ ची दुसरी लाट आठवा. ऑक्सिजनसाठी सगळीकडे धावाधाव चालू होती, तेव्हा नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या. साधारण ५० रुग्णांमागे एक. रुग्ण जेवायला बसला किंवा शौचालयात गेला की मास्क बाजूला पडतो आणि ऑक्सिजन हवेत जात राहतो. तो बंद करायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचे, आकडा ९५ च्या आसपास टिकत असेल तर फ्लो थोडा खाली आणायचा, पुन्हा येऊन तपासायचे. नवे यंत्र एकही नाही. ही पद्धत पुढे इतर जिल्ह्यांनाही सुचवली गेली.

साथीची तयारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्हेंटिलेटर आणि पीपीई किटची खोकी येतात. पण नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या अहवालात साथीचे पहिले १०० दिवस निर्णायक मानले. नवा विषाणू असेल तर या दिवसांत बहुधा लसही नसते, खात्रीचे औषधही नसते. रुग्ण वेगळे ठेवणे, संसर्ग रोखणे, कोणाची प्रकृती ढासळते आहे ते वेळीच ओळखणे, एवढेच हातात असते. आणि यातले बरेचसे काम परिचारिकेचे असते.

धोका मात्र झाकून ठेवू नये. २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणू पसरला, तेव्हा पेरांब्र्याच्या तालुका रुग्णालयातील लिनी पुदुसेरी या नर्सचा रुग्णसेवेतच संसर्ग होऊन मृत्यू झाला. म्हणूनच प्रशिक्षणाच्या दर्जाबाबत तडजोड नको. पीपीई घालण्यापेक्षा काढताना अधिक जपावे लागते : दूषित बाजूला हात लागू द्यायचा नाही, मास्क अगदी शेवटी, हात धुणे मधूनमधूनही. हे वाचून येत नाही, कुणीतरी समोर उभे राहून चुका काढाव्या लागतात. धोका केवळ संसर्गाचा नसतो, हल्ल्यांचाही असतो : साथरोग कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरला, हेही माहीत असू द्या.

आता वाटा. नर्सिंगचे अभ्यासक्रम तीन : एएनएम (सहायक परिचारिका) २ वर्षे, जीएनएम (पदविका) ३, बी.एस्सी. नर्सिंग (पदवी) ४. माझे मत विचाराल तर शक्य असल्यास बी.एस्सी.च करा. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, आणि राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते. मुलींना लष्करी नर्सिंग सेवेचा मार्ग आहे, तो नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून जातो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) त्यातलेच. पुढे अतिदक्षता विभाग, संसर्ग नियंत्रण, सार्वजनिक आरोग्य या शाखा साथीच्या कामाशी थेट जोडलेल्या आहेत. संसर्ग नियंत्रण नर्स हे पद आज मोठ्या रुग्णालयांत असतेच, पण बारावीच्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसते. मुलांनीही बिचकू नये. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतून पुरुषही नर्सिंग ऑफिसर होतात.

पैशांचे खरे सांगायचे तर खासगी छोट्या दवाखान्यात सुरुवातीचा पगार निराश करतो, आणि कंत्राटी नेमणुका हे मोठेच दुखणे आहे. कोविडमध्ये टाळ्या वाजवून त्यावर इलाज झाला नाही. केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन मात्र ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. फरक मोठा आहे, म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षापासूनच धरा.

पालकांना एकच विनंती. कॉलेज निवडताना इमारत आणि माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा, मग विद्यार्थी ज्या रुग्णालयात शिकतात तिथल्या वॉर्डात सकाळी जाऊन या. खाटा रिकाम्या दिसल्या, तर फी कितीही कमी असो, तिथे प्रवेश घेऊ नका.