एका लेखाला किती वर्ग?

‘वर्ग’ हा शब्द आपणां विद्यार्थ्यांच्या रोजच्या तोंडचा. वर्ग भरतो, वर्ग सुटतो, वर्ग बुडवलाही जातो! परंतु प्रस्तुत लेखात मला निराळ्या वर्गाचा विचार करावयाचा आहे. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात प्रत्येक लेखाच्या तळाशी काही वर्गांची नावे असतात. माहिती उतरवून घेण्याच्या घाईत आपले तिकडे लक्ष जात नाही. पण एवढा मोठा पसारा हाताशी लागतो, तो बऱ्याच अंशी त्या नावांमुळेच.

वर्गवार मांडणी आपल्याकडे नवी नाही. अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’त शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार आहेत. झाडपाला वनौषधिवर्गात, पशू सिंहादिवर्गात. माणसांपाशी येताच मात्र ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शूद्रवर्ग असे चार कप्पे पडतात. कुंभार, विणकर, चांभार यांचे शब्द शूद्रवर्गात सापडतात. म्हणजे वर्गीकरण ही नुसती सोय नव्हे. वर्ग पाडणारा जगाकडे कसा पाहतो, हेही त्यातून कळते.

ग्रंथालयाची अडचण वेगळी. पुस्तक एक, म्हणून फडताळातली जागाही एकच. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली दशांश पद्धती मांडली. आपल्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. एका विषयाला अनेक पैलू असतात आणि ते पैलू जोडून वर्गांक तयार करावा, हा त्यांचा मोठा विचार होय. तरीही पुस्तक ठेवावयाचे एकाच जागी.

विकिपीडियात ही अट उरली नाही. २००४ साली तेथे वर्गांची सोय झाली. लेखाच्या शेवटी दुहेरी चौकटी कंसात ‘वर्ग’ हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे आणि वर्गाचे नाव लिहिले की लेख त्या वर्गाच्या यादीत आपोआप जातो. एका लेखाला अनेक वर्ग देता येतात. शिवाय वर्गालाही वरचा वर्ग असतो, आणि तोही एकाहून अधिक असू शकतो.

उदाहरणार्थ, अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) घेऊ. ‘फकिरा’ लिहिणारे म्हणून ते मराठी कादंबरीकार. कलापथक गाजवणारे म्हणून शाहीर. वाटेगावचे म्हणून सांगली जिल्ह्यातील व्यक्ती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. यांतला कोणता वर्ग खरा? सगळेच खरे. त्यांना केवळ ‘दलित लेखक’ या वर्गात ठेवले, तर ‘मराठी कादंबरीकार’ ही यादी उघडणाऱ्याला ते भेटणारच नाहीत.

ही भीती काल्पनिक नाही. इंग्रजी विकिपीडियावर ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून लेखिकांची नावे काढून ती ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात हलविली जात होती. एप्रिल २०१३ मध्ये आमांडा फिलिपाची या लेखिकेने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हे उघड केले आणि मोठा वाद झाला. एकही लेख पुसला गेला नव्हता, तरी मुख्य यादी पाहणाऱ्याला कादंबरीकार म्हणजे पुरुषच, असे वाटले असते. लिंग वा वंश यांवर आधारलेला वर्ग ही लेखाची शेवटची पायरी असू नये, सर्वसामान्य वर्गातही ते नाव राहावे, असा तेथील नियमांचा आशय आहे.

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेश-अर्जावर मला प्रवर्ग लिहावा लागतो. तो खोटा नाही, आणि त्याची मला लाजही नाही. त्या रकान्यामुळेच मी येथवर आलो. पण मी मराठीचा विद्यार्थीही आहे, कबड्डीच्या संघातही आहे. एक रकाना खरा असला, म्हणून बाकीचे खोडण्याचे कारण काय?

आपल्यापैकी कोणी मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी वा एखाद्या लेखकाविषयी लिहील, तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. वर्ग नेमका असावा. तोच वर्ग आधीपासून दुसऱ्या नावाने आहे का, हे तपासावे. आणि वर्ग देताना कोणी मुख्य यादीतून बाहेर तर पडत नाही ना, हे स्वतःला विचारावे. पहिल्या दोन गोष्टी सरावाने जमतील. तिसरीसाठी मात्र मन जागे ठेवावे लागेल.