लहान मेल सर्व्हरवरील खात्यांची नोंद कोठे ठेवावी?

शाळेच्या दप्तरात दाखल-खारीज रजिस्टराचे जे स्थान, तेच मेल सर्व्हरवर खात्यांच्या यादीचे होय. तालुक्यातील शंभर-दीडशे शिक्षकांकरिता लहानसा सर्व्हर उभारावयाचा झाल्यास यंत्र कोणते घ्यावे यावर पुष्कळ खल होतो; यादी कोठे ठेवावी हा प्रश्न मात्र शेवटी, घाईने सोडविला जातो. तो आधी सोडवावयास पाहिजे.

लिनक्स प्रणालीत वापरकर्त्यांची एक यादी मुळातच असते. दर वापरकर्त्यास एक ओळ व ओळीत अपूर्णविरामांनी विभागलेले ७ रकाने, अशी तिची घडण आहे. मेलची खाती तेथेच उघडणे सर्वांत सोपे. परंतु तसे केल्यास पत्र वाचावयास येणारा प्रत्येक शिक्षक त्या यंत्राचाच रहिवासी ठरतो आणि त्याचा पासवर्ड चोरीस गेल्यास पत्रपेटीबरोबर यंत्राचेही दार उघडण्याचा संभव राहतो. पत्र न्यावयास आलेल्या माणसाला पोस्टमास्तर तिजोरीच्या खोलीत नेत नाहीत.

दुसरा मार्ग असा की, पत्रपेटी उघडून दाखविणारी ‘डव्हकॉट’ ही आज्ञावली तशाच घडणीची स्वतंत्र फाईल वाचू शकते. त्या फाईलीतील नावे यंत्राच्या मूळ यादीत नसतात. पासवर्ड तेथे जसाच्या तसा लिहू नये; त्याचे पुन्हा उलगडता न येणारे रूपच नोंदवावे. मग फाईल सांभाळणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. विसरल्यास नवा द्यावा लागतो.

तिसरा मार्ग मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या डेटाबेसचा. त्यात योग्य पान जोडून दिल्यास शिक्षकाला आपला पासवर्ड आपणच बदलता येतो. पण डेटाबेस ही चालती ठेवावयाची आणखी एक सेवा होय. ती बंद पडली की कोणालाच आपली पेटी उघडता येत नाही, व ती दुरुस्त करणारे जाणते गुरुजी तोपर्यंत बदलून गेलेले असतात! विद्यापीठासारख्या मोठ्या संस्था वापरतात ती ‘एलडॅप’ निर्देशिका आपल्या गरजेपलीकडची आहे.

माझे मत स्वतंत्र फाईलीच्या बाजूचे आहे. तिच्यात उणीव नाही असे नव्हे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा मार्ग तुटतो. तेव्हा तेथील शिक्षक पासवर्ड विसरले, तर फाईल सांभाळणाऱ्याला दूरध्वनीवर त्यांची ओळख पटवून घेऊन नवा द्यावा लागेल. तरीही डोळ्यांनी वाचता येणारी व सहज नकलून ठेवता येणारी यादी पुढे येणाऱ्या शिक्षकाला समजते.

यादी कोठेही ठेवा, नाव पुन्हा देऊ नका. एका ठिकाणचा प्रकार मी पाहिला आहे. बदलून गेलेल्या शिक्षकांची ओळ पुसण्यात आली. पुढे त्याच आडनावाचे दुसरे गुरुजी आले व त्यांना तेच खातेनाव मिळाले. पहिल्यांची पत्रे यंत्रावर तशीच पडून होती. नव्या गुरुजींनी पेटी उघडली, तो आधीच्यांच्या आजारपणाच्या रजेचा सारा पत्रव्यवहार त्यांच्यापुढे! रजिस्टरातील अनुक्रमांक आपण मूल शाळा सोडून गेल्यावरही दुसऱ्याला देत नाही, तोच नियम येथे पाळावा. ओळ पुसू नये. तिच्या आरंभी # हे चिन्ह घालावे, म्हणजे डव्हकॉट ती ओळ सोडून देते. वरच्या ओळीत तेच चिन्ह घालून बदलीची तारीख लिहावी.

एवढ्याने काम पुरे होत नाही. बाहेरून आलेले पत्र स्वीकारणारी ‘पोस्टफिक्स’ ही आज्ञावली पुष्कळदा आपली निराळी यादी पाहते. तेथील नाव राहून गेल्यास बंद पेटीत पत्रे साचत जातात आणि पाठविणाऱ्याला ती पोचली असेच वाटते. शिष्यवृत्तीचे पत्र असे अडकले तर नुकसान मुलाचे होते. डेटाबेसमध्ये दोघींना एकच तक्ता दाखविता येतो, हा त्याचा खरा गुण मान्य केला पाहिजे. फाईली ठेवणाऱ्याने दोन्ही ठिकाणी एकाच बैठकीत फेरफार करावा; पोस्टफिक्सची यादी ‘हॅश’ प्रकारची असल्यास त्यानंतर ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा द्यावी, नाहीतर जुनीच यादी चालू राहते.

शाळेचे खाते मात्र व्यक्तीच्या नावे नसावे. ते ११ अंकी यूडायस क्रमांकाने उघडावे व मुख्याध्यापक बदलताच त्याचा पासवर्ड बदलावा. फाईलीची नक्कल दुसऱ्या ठिकाणी कुलपात ठेवावी. तिच्यात पत्रे येत नाहीत. त्यांची नक्कल वेगळी घ्यावी लागते.