ओतल्यानंतरची दोन मिनिटं

पोरा, उद्यापासून ओतकाम तुझ्याकडे. भट्टीचं तापमान, मिश्रधातूचा रिपोर्ट, हे सगळं तू बघशीलच, ते तुला कॉलेजात शिकवलंय. मी सांगतो ते त्याच्या पुढचं. डबू रिकामा झाला की बहुतेक जण पाठ फिरवतात. तू फिरवू नकोस. जॉब दणकट होणार की ठिसूळ, हे त्यानंतर तो कुठे किती वेगाने थंड होतो त्यावर ठरतं.

खडीसाखर आठव. पाक सावकाश निवला की खडे मोठे होतात. अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच. गोठताना त्यात नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. वाळूच्या साच्यात, जाड भागात या फांद्यांमधलं अंतर 60-70 मायक्रॉनपर्यंत जातं. लोखंडी डायमध्ये पातळ भिंतीला तेच 20-25 वर येतं. फांद्या जवळजवळ असल्या की सिलिकॉन बारीक विखुरतो. स्क्रॅपमधून आलेल्या लोखंडाच्या सुयाही आखूड राहतात. लांब सुई म्हणजे जॉबच्या पोटातली तयार भेग. म्हणून एकाच भट्टीतला, एकाच डबूतला एलएम 25 मिश्रधातू घेतलास तरी प्रमाणित चाचणी-दांड्याला वाळूत किमान 130 मेगापास्कल ताकद धरतात आणि डायमध्ये 160. धातूत काही बदल नाही, बदलला तो फक्त वेग.

हे मी एका ब्रॅकेटवर शिकलो. भिंत 6 मिलिमीटरची आणि बोल्टचा बॉस, म्हणजे बोल्ट बसतो तो उंचवटा, चांगला जाड. चाचणी-दांडा पास झाला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. जॉब गिऱ्हाईकाकडे बोल्ट आवळताना बॉसपाशी फुटला. फुटलेले दोन तुकडे मी उन्हात धरून बघितले. भिंतीकडचा पृष्ठभाग राखाडी, रेशमासारखा बारीक. बॉसकडचा रवाळ, कण वेगवेगळे चमकणारे, मधोमध टाचणीच्या टोकाएवढी काळी छिद्रं. ती छिद्रं हायड्रोजनची. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन मावतो त्याचा साधारण विसावा हिस्साच घट्ट झालेल्यात मावतो. बाकीचा बाहेर पडू बघतो, आणि जाड भाग रेंगाळत गोठला की त्याला बुडबुडा धरायला सवड मिळते. वेगळा ओतलेला दांडा त्या बॉसबद्दल काहीच सांगत नव्हता.

म्हणून जाड जागेला चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, लाव. मात्र चिल कोरडा आणि कोमट हवा. गार चिलवर दव धरतं आणि त्यातलाच हायड्रोजन धातूत शिरतो. डाय असेल तर लेपाकडे लक्ष दे : जाड भागात पातळ थर, रायझरपाशी, म्हणजे आकुंचन भरून काढणाऱ्या धातूच्या साठ्यापाशी, जाड. आणि सगळीकडेच घाई नको. पातळ भाग आधी गोठायचा, मग जाड, सगळ्यात शेवटी रायझर, हा क्रम मोडला की आकुंचनाची पोकळी जॉबच्या आतच राहते. डाय फार गार असली तर धातूचे दोन प्रवाह भेटतात पण जुळत नाहीत.

टी6 ही उष्णताप्रक्रिया करताना हाच खेळ पुन्हा येतो. 540 अंशांवर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन धातूत विरघळतात, ते तिथेच कोंडून ठेवायचे तर पाण्यात झटकन बुडवायला हवं. टोपली हवेत लटकत राहिली तर ते वाटेतच बाहेर पडतात, मग एजिंग कितीही कर, हार्डनेस पुरा येत नाही. म्हणून रोज सकाळी आधी रिकामी टोपली चालवून बघ, होइस्ट अडखळत नाही ना. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्मला दिसलं की पाण्यात विझवलेला मिश्रधातू नुसता पडून राहिला तरी कडक होत जातो. त्यातूनच ड्युरल्युमिन आलं. ही गोष्ट तुझ्या कामाची अशी, की पाण्यातून निघाल्या निघाल्या जॉब मऊ असतो. वाकला असेल तर तेव्हाच सरळ कर, दुसऱ्या दिवशी तो ऐकणार नाही. पातळ, लांब जॉब असेल तर पाणी 65-70 अंशांवर ठेव, वाकण्याचं प्रमाणच कमी होईल.

पहिल्या लॉटमधला एक जॉब बॉसमधून आडवा काप, पॉलिश करून ठेव. रविवारी मी येतो, दोघं मिळून भिंगाखाली बघू.