गोंगाटात प्रार्थना राखायची तर: काय करावे, काय टाळावे

काय करावे

- सकाळी मोबाइलच्या आधी बायबल उघडा. एकदा स्टेटस पाहिले की मन लवकर जागेवर येत नाही.
- वाचायला छापील प्रतच घ्या. अ‍ॅपमधल्या वचनावर बँकेच्या कर्जाची जाहिरातही येऊन बसते.
- रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणा.
- प्रार्थनेची जागा आणि वेळ ठरवून टाका. दार लावायला वेगळी खोली नसेल तर गॅलरीचा कोपरा चालेल, गच्चीचा जिनाही चालेल.
- काय वाचायचे ते आदल्या रात्रीच ठरवा. पाने उलटण्यात वेळ जातो. मार्कचे १६ अध्याय रोज एक याप्रमाणे वाचा. नीतिसूत्रांचे ३१ आहेत, तेव्हा तारखेचा अध्याय घ्या. दिवस बुडाला तर मागची थकबाकी भरत बसू नका, आजची तारीख धरा.
- स्तोत्रे मोठ्याने वाचा. तोंड चालू असले की लक्ष कमी भरकटते. ११९ व्या स्तोत्राची १७६ वचने एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, रोज एक पुरे. फारच थकला असाल तर ११७ वे घ्या, त्यात दोनच वचने आहेत.
- नेहमीचे वचन फार सरावाचे होऊन भिडेनासे झाले, तर दुसरे भाषांतर उघडा: पंडिता रमाबाईंचे १९२४ चे, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’.
- आधी दोन मिनिटे गप्प बसा, मागण्या नंतर.
- प्रार्थनेत गॅसचा नंबर लावायचे आठवले तर कागदावर टिपा आणि पुन्हा डोळे मिटा.
- कुटुंबप्रार्थनेला टीव्ही बंद करा. नुसता आवाज कमी केलेला चालणार नाही. दहा मिनिटांत आटपा, शास्त्रपाठाची पाळी मुलांनाही द्या.
- ना. वा. टिळकांची भजने घरात स्वतः म्हणा. पेटी नसली तर टाळ्यांवर.
- ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ म्हटलेत की वहीत नाव लिहा, आणि आठवड्याभरात त्या माणसाला फोन करा.
- उपासनेला थोडे आधी पोहोचा, बाकावर शांत बसा. पार्किंगच्या गप्पा नंतरही होतील.
- राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून ४० दिवस मटण-मासळी सोडत असाल, तर रील्सही सोडा. दुसरे जास्त जड जाईल.
- मन कित्येक आठवडे कोरडे राहिले तर पाळकांशी, फादरांशी बोला. झोप-भूकही गेली असेल तर डॉक्टरांकडे जा. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

काय टाळावे

- स्वतः न वाचलेले वचन पुढे पाठवू नका.
- ‘अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल’ असा मेसेज तिथेच पुसा. देव फॉरवर्ड मोजत नाही.
- प्रभुभोजनाच्या वेळी, मिस्सेत फोन बाहेर काढू नका, फोटोसाठीही नाही.
- धडधाकट असताना घरबसल्या ऑनलाइन उपासनेवर भागवू नका. ती अंथरुणाला खिळलेल्यांची सोय आहे. कांदा चिरता चिरता ऐकलेला संदेश फार तर रेडिओ ठरतो.
- दिवसाला तीन-तीन प्रचारकांचे व्हिडिओ ऐकू नका. एक ऐका आणि तो शास्त्राशी ताडून पाहा. बिरुयातल्या लोकांनी तर पौलाचेही बोलणे तपासून पाहिले होते (प्रेषितांची कृत्ये १७:११).
- वचनापेक्षा क्यूआर कोड जास्त वेळ दाखवणाऱ्या वाहिनीपुढे बसू नका.
- बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, हा वाद रात्री अकराला मंडळीच्या ग्रुपवर काढू नका. झोपही जाते आणि सकाळची प्रार्थनाही.
- ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ अशी सुरुवात करून दुसऱ्याच्या घरातले भांडण सभेत मांडू नका. परवानगी नसेल तर नावही घेऊ नका.
- अ‍ॅपने दाखवलेल्या ‘सलग इतके दिवस’ या आकड्याला भुलू नका, तो स्टेटसला तर लावूच नका.
- मुलांना शिक्षा म्हणून स्तोत्र पाठ करायला लावू नका. पुढे आयुष्यभर ते शिक्षेसारखेच वाटते.
- गणपतीच्या ढोलताशांवर कुरकुर करू नका, त्या दिवसांत प्रार्थना पहाटे करा. नाताळात मध्यरात्री गल्लीत शिरणारी आपली कॅरल पार्टीही काही कुजबुजत येत नाही.
- रविवारची बिर्याणी एकट्या बाईवर टाकून तिला मार्था-मरियेची गोष्ट ऐकवू नका. भांडी घासायला उभे राहा, म्हणजे तिलाही बसायला मिळेल.