पॉवर बँक हाताशीच का ठेवायची?

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. रिसोड-मानोऱ्याचा प्रवासी समृद्धी महामार्गाने नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो, नाहीतर एप्रिल 2025मध्ये सुरू झालेल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान धरतो. एवढ्या वाटेत मोबाइलची बॅटरी उतरते आणि तिकीट त्याच मोबाइलमध्ये असते. म्हणून पॉवर बँक घेणे रास्तच आहे. मात्र ती कोणती घ्यायची आणि कुठे ठेवायची, हे बॅग भरतानाच ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विमानतळावर अडचण निघाली तर पॉवर बँक घरी परत पाठवायची सोय नसते.

चेक-इन बॅगेत पॉवर बँक चालत नाही. ती केबिनमध्येच न्यावी लागते. पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांजवळ कशाला, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण लिथियम-आयन सेल आतून शॉर्ट झाला, की आपोआप तापत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, ही तापण्याची साखळी तोडू शकत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि पाणी ओतून सेल थंड करता येतो. पण केबिन म्हणजे डोक्यावरचा कप्पा नव्हे. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या उभ्या विमानात अशाच कप्प्यातून आग भडकली. 176 जण बाहेर पडले, विमान जळाले. तपासात संशयाची सुई पॉवर बँकेवर आली. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात आसनासमोरच्या खिशातले उपकरण पेटले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी आग लगेच आटोक्यात आणली. कोणालाही इजा झाली नाही. दोन्ही घटना जमिनीवरच्या, तरी पहिलीत आग आधी दृष्टीआड होती आणि दुसरीत हाताच्या अंतरावर. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही आता पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्यास आणि विमानात वापरण्यास मनाई केली आहे.

‘रोज हजारो लोक नेतात, काही होत नाही,’ असेही म्हटले जाते. खरे आहे, अशा घटना विरळच. पण आकाशात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उतरता येत नाही, म्हणून तिथे विरळ धोक्यालाही मोठी किंमत असते.

कोणती पॉवर बँक घ्यायची, याचा हिशेब सोपा आहे. एमएएच आकड्याला 3.7ने गुणून हजाराने भागा, वॉट-अवर मिळतात. 20,000ची पॉवर बँक 74 वॉट-अवरची, म्हणजे 100च्या मर्यादेत बसते. 30,000ची 111 होते. 100 ते 160साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदीच. अक्षरे पुसलेली, फुगलेली किंवा बिननावाची स्वस्त पॉवर बँक घरीच ठेवा. बेलोऱ्याहून उडणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानात हातातली बॅगही कधी दारापाशी काढून सामानात टाकतात. तेव्हा पॉवर बँक आधी बाहेर काढा. टोके झाकून ती जवळच्या पिशवीत ठेवा आणि गरम लागली तर लपवू नका, तत्काळ कर्मचाऱ्यांना सांगा.